१४६ म्हणजे किती?

गेल्या वर्षी माझ्या भाचीचा सहावा महिना संपत आला असताना मी तिच्यासोबत महापालिकेच्या एका प्रसूतिगृहात गेले होते. परिचारिकेने ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून स्टीलचा मोठा पेला तिच्या हातात दिला आणि पाच-दहा मिनिटांत संपवायला सांगितले. पहिल्याच घोटाला भाचीने तोंड वाकडे केले. ‘‘मावशी, हे पाणी कुठलं, गुलाबजामचा पाक आहे नुसता.’’ तिचे फारसे चुकले नव्हते, कारण ७५ ग्रॅम म्हणजे चहाचे सुमारे १५ चमचे होतात. त्यानंतरचे दोन तास आम्ही बाकावर बसून काढले आणि तेवढ्या वेळात तिला कार्यालयातून दोनदा फोन आले. रक्त तपासल्यावर आकडा आला १४६. केस पेपरवर ‘जीडीएम’, म्हणजे गरोदरपणातील मधुमेह, ही तीन अक्षरे उमटली आणि परिचारिका मायेनेच म्हणाली, ‘‘साखर थोडी वाढली आहे, आहारतज्ज्ञ ताईंना भेटून जा, आणि ताण घेऊ नका.’’

या शेवटच्या तीन शब्दांवर मी पुढे बरेच दिवस विचार करत होते. भांडुपहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, आणि मग नऊ तास कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांच्या तक्रारी ऐकणे, अशी नोकरी करणाऱ्या मुलीने ताण न घेणे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्या केस पेपरवर कुठेच लिहिलेले नव्हते. गरोदरपणातील मधुमेह आणि कामाच्या ठिकाणी माणसाचे करपून जाणे, ज्याला आता सगळे ‘बर्नआउट’ म्हणतात, हे संशोधनाचे दोन वेगळे विषय मानले जातात. एका बाईच्या एकाच दिवसात मात्र ते दोन्ही एकत्र येतात, म्हणून ते शेजारी ठेवून समजून घेणे मला आवश्यक वाटते.

आधी साखरेचे पाहू. आपण खाल्लेल्या अन्नातून तयार झालेली साखर रक्तात येते आणि स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन ती पेशींमध्ये पोचवते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात वार, म्हणजे बाळाला पोसणारा गर्भाशयातला अवयव, अशी काही संप्रेरके सोडते की आईच्या पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. हा बिघाड नसून निसर्गाची सोय आहे, कारण आईच्या पेशींनी साखर कमी उचलली की ती बाळासाठी रक्तात अधिक वेळ उपलब्ध राहते. या अडवणुकीवर मात करण्यासाठी आईचे स्वादुपिंड जास्तीचे इन्सुलिन तयार करू लागते. बहुतेक स्त्रियांना ते जमते. काहींचे स्वादुपिंड त्या वेगाला पुरे पडत नाही आणि रक्तातली साखर ठरावीक मर्यादेपलीकडे जाते. वारेचा हा प्रभाव २४ ते २८ आठवड्यांच्या सुमारास ठळक होत असल्याने तपासणी त्या वेळी करतात, आणि भारतात ती पहिल्या भेटीतही करावी, असे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

वार साखरेला पलीकडे जाऊ देते, आईच्या इन्सुलिनला जाऊ देत नाही. त्यामुळे आईकडून आलेल्या जादा साखरेची विल्हेवाट बाळाला स्वतःच्या इन्सुलिनने लावावी लागते आणि त्या जादा इन्सुलिनमुळे बाळाच्या अंगावर चरबी साठते. बाळ मोठे झाले की प्रसूती अवघड होते. शिवाय नाळ कापताच आईकडून येणारी साखर बंद होते, पण बाळाचे इन्सुलिन लगेच उतरत नाही, त्यामुळे जन्मानंतरच्या काही तासांत बाळाची साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

‘‘पण आमची मुलगी तर काडीसारखी आहे, तिला कसा मधुमेह?’’ हा प्रश्न आमच्या घरीही विचारला गेला. त्याचे उत्तर पुण्यात शोधले गेले आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलो वजनाची होती, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांमध्ये स्नायू कमी होते, पण त्या मानाने त्वचेखालची चरबी टिकून होती. ‘बारीक तरी चरबीयुक्त’ असा हा देह आपण जन्मतःच घेऊन येतो. २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले होते. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ते एक छायाचित्र मला दहा व्याख्यानांच्या तोडीचे वाटते. काटा काय सांगतो यावरून आपल्याकडे निश्चिंत होता येत नाही.

आता त्या १४६ कडे वळू. मर्यादा ओलांडली म्हणतात, ती मर्यादा आखली कोणी? १९६४ मध्ये बोस्टन येथे ओसुलिव्हन आणि महान यांनी ७५२ गरोदर स्त्रियांच्या रक्तातील साखरेवरून पहिले सर्वमान्य निकष मांडले. गंमत अशी की त्या निकषांमागे बाळाचा विचार नव्हताच, त्या आईला पुढील आयुष्यात मधुमेह होईल का, एवढेच त्यांना वर्तवायचे होते. बाळाच्या बाजूने उत्तर मिळायला २००८ साल उजाडले. ‘हापो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात नऊ देशांतील तेवीस हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांची साखर मोजली गेली आणि ती फारच वाढलेली नसेल तर आकडे स्त्रियांना व डॉक्टरांना न सांगता केवळ पुढे काय होते ते नोंदवले गेले. त्यात असे दिसले की साखर जसजशी चढते तसतशी मोठ्या बाळांची आणि सिझेरियनची शक्यताही चढत जाते, आणि ती अगदी ‘सामान्य’ समजल्या जाणाऱ्या आकड्यांपासूनच चढू लागते. इथपर्यंत ठीक आणि इथून पुढे आजार, असा उंबरठा कुठेही सापडला नाही. हा घाटाचा चढ आहे, जिन्याची पायरी नव्हे.

चढावर खूण करायची तर ती माणसांनीच करावी लागते. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सरासरी साखरेच्या तुलनेत धोका पावणेदोन पट जिथे होतो ती जागा निवडली. उपाशीपोटी ९२, ग्लुकोज घेतल्यानंतर एका तासाने १८० आणि दोन तासांनी १५३, यांपैकी कोणताही एक आकडा गाठला तरी निदान पक्के. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच आकडे स्वीकारले. भारतात मात्र चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या ‘डिप्सी’ या अभ्यासगटाने वेगळी वाट धरली. बाई जेवून आलेली असो वा उपाशी, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज द्यावे, दोन तासांनी एकदाच रक्त घ्यावे आणि १४० किंवा त्याहून अधिक आले की उपचार सुरू करावेत. या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. उपाशीपोटीची साखर न मोजल्याने काही स्त्रिया निसटतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण दूरवरून येणाऱ्या गरोदर बाईला उपाशीपोटी रांगेत उभे करणे, किंवा तीच तपासणी करायला आणखी एका दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा बोलावणे, यात किती जणी परत येणारच नाहीत, हा विचार त्या पद्धतीमागे आहे. मला तो विचार पटतो, कारण जी तपासणी होतच नाही तिची अचूकता शून्य असते.

म्हणजे माझ्या भाचीचा १४६ हा आकडा भारतीय निकषाने मधुमेह ठरतो, तर आंतरराष्ट्रीय निकषातील दोन तासांच्या मर्यादेच्या तो अलीकडेच राहतो. यातून ‘डॉक्टरांचेच एकमत नाही, मग सोडा’ असा निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे आहे. सौम्य मधुमेहावर उपचार करून फायदा होतो का, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील २००५ च्या अभ्यासाने दिले आहे. हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना आहाराचा सल्ला, साखरेची नियमित मोजणी आणि गरजेनुसार इन्सुलिन दिले गेले, बाकीच्यांना नेहमीची काळजी मिळाली. बाळांमधील गंभीर गुंतागुंत ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आली. खूण इकडे केली काय आणि चार पावले तिकडे केली काय, चढ उतरण्याचा लाभ खराच आहे.

बर्नआउटची गोष्टही अशाच चढाची आहे, फक्त तिथे रक्ताचा थेंब नाही. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी सेवाभावाने आलेले तरुण कार्यकर्ते वर्षभरात कसे रिते होतात, याचे वर्णन करताना हा शब्द वापरला. पुढे क्रिस्टिना मॅसलॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तो मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली, जी तीन गोष्टी विचारते: माणूस आतून किती संपून गेला आहे, समोरच्या माणसांबद्दल किती कोरडा झाला आहे, आणि आपल्या हातून काही होते आहे असे त्याला कितपत वाटते. मराठीत शीण आहे, अंग आंबणे आहे, पिचून जाणे आहे, जीव मेटाकुटीला येणे आहे. यांपैकी शीण रविवारच्या झोपेने जातो. जो सोमवारी सकाळी गजर वाजण्याआधीच परत येतो आणि येताना समोरच्या माणसाविषयीचा तुसडेपणा बरोबर आणतो, तो बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याचा आपल्या आजारांच्या वर्गीकरणात समावेश केला, पण आजार म्हणून नव्हे तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. व्याख्येत शब्द आहेत ते कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणाचे. तो कोणी हाताळायचा, हे मात्र व्याख्येत नाही.

इथे खूण कुठे करायची यावर तर साखरेपेक्षाही मोठा गोंधळ आहे. २०१८ मध्ये डॉक्टरांच्या बर्नआउटवरील १८२ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा त्यांत बर्नआउटच्या किमान १४२ वेगवेगळ्या व्याख्या वापरलेल्या आढळल्या आणि त्याचे प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत काहीही निघाले. तेव्हा ‘इतके टक्के कर्मचारी बर्नआउटग्रस्त’ अशी ठळक बातमी दिसली, की कोणत्या व्याख्येने, एवढे आधी विचारावे.

या दोन विषयांना जोडणारा धागा शरीरातून जातो. ताण लांबला की कॉर्टिसोल हे संप्रेरक चढे राहते, यकृत रक्तात जास्त साखर सोडते आणि पेशी इन्सुलिनला कमी दाद देतात. म्हणजे वार जे करते त्याच दिशेने ताणही ढकलतो. झोपेचेही तसेच आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता घसरली. इस्राएलमधील ६७७ निरोगी नोकरदारांवरच्या २००६ मधील अभ्यासात बर्नआउट अधिक असलेल्यांना काही वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता १.८ पटीहून थोडी अधिक दिसली. ही ‘पट’ ऐकून दचकण्याआधी एक गोष्ट पाहावी, की त्या ६७७ पैकी मधुमेह एकूण १७ जणांनाच झाला होता. एवढ्या थोड्या घटनांवर उभा असलेला आकडा इशारा म्हणून घ्यावा, निकाल म्हणून नव्हे. शिवाय हा नेहमीच्या मधुमेहाचा अभ्यास होता. ताण आणि गरोदरपणातील मधुमेह यांचा थेट संबंध तपासणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ‘ऑफिसमुळे हिला साखर झाली’ असे कोणी ठामपणे म्हणत असेल तर ते पुराव्याच्या पुढे धावणे आहे.

मला स्वतःला यापेक्षा २०१५ मध्ये आलेला एक मोठा अभ्यास अधिक बोलका वाटतो. त्यात २ लाख २२ हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली होती. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांत मधुमेहाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेला दिसला, पण फक्त खालच्या आर्थिक-सामाजिक स्तरातील कामगारांमध्ये. वरच्या स्तरातील माणसे तितकेच तास राबूनही त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. तास तेच, शरीरावरचा परिणाम वेगळा. स्वीडनमधील आकडेवारीसह काम करणारे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच म्हटले होते, की कामाची मागणी मोठी असणे आणि त्या कामावर स्वतःचा ताबा नसणे, ही जोडी माणसाला सर्वाधिक खाते.

ताबा नसणे म्हणजे काय, ते मी भाचीच्या पर्समध्ये पाहिले. हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळालेल्या प्लास्टिकच्या एका डबीत ग्लुकोमीटर, पट्ट्या, सुया आणि कापूस असा संसार तिने मांडला होता. जेवणानंतर बरोबर दोन तासांनी बोट टोचायचे आणि आकडा १२० च्या आत आहे का ते पाहायचे, कारण आहार आणि चालणे यांनी दोन आठवड्यांत तो आत आला नाही तर औषध किंवा इन्सुलिन सुरू करायचे ठरले होते. दीड वाजता जेवण झाले की साडेतीनला बोट टोचायचे. तिच्या कामात एक फोन संपताच दुसरा आपोआप जोडला जातो, उठायचे तर पडद्यावरचे बटण दाबावे लागते आणि ते दाबल्याच्या प्रत्येक मिनिटाची नोंद होते. आहारतज्ज्ञांनी तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीनदा थोडे खाणे लिहून दिले होते, कार्यालयाने दोन सुट्ट्या लिहून दिल्या होत्या. तिसरी हवी असेल तर वरिष्ठांना मेल टाकायची. पहिल्या आठवड्यात तिने चार दिवस साडेतीनऐवजी सव्वाचारला रक्त तपासले आणि आकडे चांगले आले म्हणून ती खूश झाली. ते चांगले येणारच होते, कारण पाऊण तासात साखर उतरलेली असते. माझी भाची पथ्य चुकवत नव्हती, फक्त तिचे घड्याळ तिच्या हातात नव्हते.

घरचे वातावरणही साह्याचे नव्हते, हे सांगायला हवे. ‘दोन जिवांची आहेस, खा’ म्हणून पुढे केलेल्या डिंकाच्या लाडवाला नाही म्हणणे हे वरिष्ठांना मेल टाकण्यापेक्षा कठीण असते, आणि तो लाडू करणारी मीच होते.

या सगळ्यात मुंबईतच झालेला एक अभ्यास मला वेगळा वाटतो. ‘सरस’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रकल्पात डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ब्रिटनमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांसोबत, मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांना २००६ पासून रोज एक छोटा खाऊ दिला. या स्त्रिया तेव्हा गरोदर नव्हत्या, व्हायच्या होत्या, आणि खाऊ दिवस जाण्याआधीपासून सुरू झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळ आणि दूध घातले गेले, तर दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा अशा कमी पोषणमूल्यांच्या भाज्या. तो घराजवळच्या केंद्रावर मिळायचा, तिथेच बसून खायचा आणि कोणी किती खाल्ला याची नोंद व्हायची.

संशोधकांना पाहायचे होते बाळाचे वजन. त्यावर एकूण गटात ठळक फरक पडला नाही. पण गरोदरपणातील मधुमेहाची तपासणी झालेल्यांत पालेभाजीच्या गटात त्याचे प्रमाण ७.३ टक्के निघाले आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के. हा फरक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सोप्या हिशेबाने, साधारण वीस जणींना हा खाऊ दिला तर एकीचा मधुमेह टळला. मुख्य प्रश्न एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे, असे झाले की शास्त्रज्ञ सावध होतात, आणि ते योग्यच आहे. असा निष्कर्ष दुसरीकडे पुन्हा मिळेपर्यंत त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. तरीही त्याची रचना पाहण्यासारखी आहे. त्या स्त्रियांना कोणी पालेभाजीचे महत्त्व पटवून देऊन घरी पाठवले नाही. पालेभाजी आणणे, निवडणे, शिजवणे हे काम त्यांच्या दिवसात आणखी एक म्हणून घातले नाही. खाऊ तयार होऊन त्यांच्या वस्तीत आला.

बर्नआउटवरच्या उपायांतही हाच फरक दिसतो. डॉक्टरांवरील वेगवेगळ्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये घेतला गेला, तेव्हा ध्यान किंवा ताणनियोजनाचे वर्ग यांसारख्या व्यक्तीवर सोपवलेल्या उपायांपेक्षा पाळ्या, कामाचा भार, कामाची पद्धत बदलणाऱ्या उपायांचा परिणाम मोठा आढळला. दोन्हींचा परिणाम प्रचंड नव्हता, पण मोठा कोणाचा होता ते स्पष्ट होते. आपल्याकडे कायद्याने २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा दिली आहे, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. पण सहावा महिना ते आठवा महिना, जेव्हा साखर चढते आणि बोट टोचायचे असते, तो काळ बहुतेकींचा कामावरच जातो. त्या काळात खर्चिक असे काही लागत नाही. ठरलेल्या वेळी दहा मिनिटे, नोंद न होणारी, आणि जेवणानंतर जिना-व्हरांड्यात फेरी मारण्याची मोकळीक. कारण चालताना स्नायू साखर उचलतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट पाहावी लागत नाही. भाचीला ती दहा मिनिटे शेवटी मिळाली. मिळाली ती डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणि तीन मेलनंतर. पुढच्या दोन आठवड्यांत साडेतीनचे आकडे १२० च्या आत आले आणि इन्सुलिनची वेळ आली नाही.

प्रसूतीनंतर वार बाहेर पडते आणि बहुतेकींची साखर काही दिवसांत पूर्ववत होते. तिथेच सगळे हुश्श करतात आणि तिथेच मोठी चूक होते. ज्यांना गरोदरपणात मधुमेह झाला त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या जवळपास दहापट असतो, असे १३ लाखांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवरून २०२० मध्ये दिसले. ओसुलिव्हन १९६४ मध्ये हेच शोधत होते. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा तेच ग्लुकोज पिऊन तपासणी करायची असते, आणि ती नेमकी त्या दिवसांत येते जेव्हा बाईची झोप तुकड्यांत वाटली गेलेली असते आणि घरातले प्रत्येक माणूस तिला फक्त बाळाविषयी विचारत असते.

बाळाची पेंटाव्हॅलंट लशीची पहिली मात्राही सहा आठवड्यांनाच असते. आम्ही दोन्ही एकाच दिवशी उरकायचे ठरवले. बाळाच्या कार्डावर लशीची नोंद लगेच झाली, पुढची तारीखही मिळाली. आईच्या तपासणीचे मात्र खिडकीवर कोणाच्या लक्षात नव्हते, जुना केस पेपर पुढे करून ‘जीडीएम’ ही अक्षरे दाखवावी लागली. मग तोच स्टीलचा पेला आला. या वेळी बाळ माझ्या मांडीवर होते आणि भाचीने पाक एका दमात संपवला. दोन तासांनी आकडा आला ११८. परिचारिकेने तो लिहिला, खाली ‘दरवर्षी तपासणी’ अशी ओळ जोडली, आणि भाचीने तिथेच मोबाइल काढून पुढच्या वर्षीच्या त्याच तारखेला गजर लावला.